जाताना आठ तास, येताना सात

प्रश्न : माझी आई ७२ वर्षांची आहे. पुढच्या महिन्यात ती लंडनहून न्यूयॉर्कला माझ्या भावाकडे एकटीच जाणार आहे आणि तीन आठवड्यांनी परत येणार आहे. दोन्ही शहरांतलं हवाई अंतर सुमारे ५,५४० किलोमीटर आहे असं वाचलं. विमानाचा वेग ताशी ९०० धरला तर भागाकार सहा तास नऊ मिनिटं येतो. तिकिटावर मात्र जाताना आठ तास आणि येताना सात तास दिले आहेत. तिला दर बारा तासांनी एक गोळी चुकवून चालत नाही, म्हणून मला नेमका आकडा हवा आहे. यातला कुठला खरा मानू?

उत्तर : तिन्ही आकडे खरे आहेत. फक्त ते तीन वेगवेगळ्या गोष्टींचे आहेत, आणि हे कुठेच नीट सांगितलेलं नसतं. त्यामुळे तुमच्यासारख्या काळजीने हिशेब करणाऱ्या माणसाचाच गोंधळ उडतो.

मी सव्वीस वर्षं फ्लाइट डिस्पॅचर म्हणून काम केलं. डिस्पॅचर विमानात नसतो. तो जमिनीवर बसून प्रत्येक उड्डाणाचा मार्ग आखतो, हवामान बघतो आणि इंधनाचा हिशेब करून तो कागद कॅप्टनच्या हाती देतो. त्या फ्लाइट प्लॅनमध्ये अंतर, उंची, वजन, इंधन असे शेकडो आकडे असतात. माझी नजर मात्र आधी एकाच आकड्यावर जायची. ‘एम ०६२’ किंवा ‘पी ०४५’ असा तो छोटासा आकडा असतो. एम म्हणजे मायनस, म्हणजे सगळ्या वाटेवर मिळून सरासरी ६२ नॉटचा वारा समोरून येणार (नॉट म्हणजे ताशी एक नॉटिकल मैल). पी म्हणजे प्लस, म्हणजे ४५ नॉटचा वारा पाठीमागून ढकलणार. हा आकडा पाहिला की बाकीचा कागद कसा असेल त्याचा अंदाज यायचा.

तुमचा ताशी ९०० चा वेग बरोबर आहे, पण तो हवेतला वेग आहे. विमान भोवतालच्या हवेच्या तुलनेत तेवढ्या वेगाने जातं, आणि ती हवा स्वतःच वाहत असते. उत्तर अटलांटिकवर साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याची एक अरुंद, वेगवान धार वाहते. तिला जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात तिचा वेग ताशी २०० किलोमीटरच्या वर सहज जातो, कधीकधी ३०० च्याही पुढे. न्यूयॉर्ककडे जाणारं विमान या वाऱ्याच्या तोंडावर असतं आणि लंडनकडे येणाऱ्या विमानाची पाठराखण हाच वारा करतो.

आकडे मांडून बघू. वैमानिक नॉटिकल मैलांत मोजतात आणि एक नॉटिकल मैल म्हणजे १,८५२ मीटर. लंडन ते न्यूयॉर्क जवळजवळ ३,००० नॉटिकल मैल होतं. विमानाचा हवेतला वेग ४८० नॉट धरा. वारा नसेल तर सव्वासहा तास लागतील. समोरून ८० नॉटचा वारा असेल तर वेग उरला ४०० आणि वेळ झाली साडेसात तास. तोच वारा पाठीमागून मिळाला तर वेग ५६० आणि वेळ पाच तास एकवीस मिनिटं.

आता दोन्ही बाजूंची बेरीज करा. वाऱ्याविना जाऊन येऊन साडेबारा तास होतात. वाऱ्यासकट बारा तास एकावन्न मिनिटं. अनेकांना वाटतं की जाताना गेलं ते येताना भरून निघतं. तसं होत नाही. समोरच्या वाऱ्यात वेग कमी, म्हणून त्या वाऱ्यात आपण जास्त वेळ राहतो. पाठीमागचा वारा मदत करतो, पण वेग वाढल्यामुळे त्याच्यातून आपण लवकर बाहेर पडतो. नवीन मुलं कामावर यायची तेव्हा हा हिशेब मी त्यांना पहिल्याच दिवशी कागदावर करायला लावायचे.

वारा टाळता आला तर डिस्पॅचर तो टाळतोच. उत्तर अटलांटिकवरच्या हवाई वाटा रोजचा वारा बघून नव्याने आखल्या जातात. रात्री पूर्वेकडे येणारी विमानं जेट स्ट्रीमचा फायदा घेतात आणि दिवसा पश्चिमेकडे जाणारी तिला वळसा घालतात. कधीकधी दोनशे किलोमीटर जास्त उडूनही विमान लवकर पोहोचतं. म्हणून तुम्ही वाचलेले ५,५४० किलोमीटर हे पृथ्वीच्या पाठीवरचं अंतर झालं. आईचं विमान त्या दिवशी किती किलोमीटर उडेल हे निघायच्या काही तास आधी ठरतं.

वाऱ्याचा जोर किती असू शकतो याची एक नोंद सांगते. फेब्रुवारी २०२० मध्ये सिआरा नावाचं वादळ अटलांटिकवर असताना एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं. जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग एका टप्प्यावर ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता. तरी त्याने ध्वनीचा वेग ओलांडला नव्हता, कारण भोवतालच्या हवेत ते नेहमीच्याच वेगाने चाललं होतं. उलट बाजूची गोष्ट डिसेंबर २०११ ची आहे. त्या महिन्यात समोरचा वारा इतका जबर होता की युरोपहून अमेरिकेकडे निघालेल्या कित्येक ७५७ विमानांना इंधन भरून घ्यायला वाटेत कॅनडात उतरावं लागलं. अंतर तसूभरही बदललेलं नव्हतं.

आता तिकिटावरच्या आठ तासांकडे येऊ. तो सगळा वेळ हवेतला नसतो. त्याला आम्ही ब्लॉक टाइम म्हणतो. निघताना चाकांखालचे लाकडी किंवा रबरी ठोकळे काढून विमान जागेवरून हललं की तो सुरू होतो, आणि पोहोचल्यावर विमान जागेवर लागून ठोकळे परत बसले की संपतो. धावपट्टीपर्यंत जाणं, तिथल्या रांगेत थांबणं, उतरल्यावर पुन्हा हळूहळू फाटकापर्यंत येणं हे सगळं त्यात धरलेलं असतं. मोठ्या विमानतळांवर यातच अर्धा-पाऊण तास जातो. हीथ्रोला तर गर्दीच्या वेळी उतरण्याआधी हवेतच घिरट्या घालाव्या लागतात. त्यासाठी बोव्हिंग्डन, लॅम्बोर्न, ऑकम आणि बिगिन अशा चार जागा ठरलेल्या आहेत. शिवाय कंपन्या मागच्या हंगामांत प्रत्यक्ष किती वेळ लागला ते बघून थोडी सवड ठेवतात. त्यामुळे वैमानिकाने ‘आपला उड्डाणाचा वेळ सात तास दहा मिनिटं’ अशी घोषणा केली आणि तिकिटावर आठ तास असले, तरी दोघांपैकी कुणीही चुकीचं बोलत नाही.

गोळीसाठी यातला कुठलाच आकडा धरू नका. आईला एक साधं मनगटी घड्याळ द्या आणि ते प्रवासभर लंडनच्या वेळेवरच राहू द्या. शेवटची गोळी त्या घड्याळात किती वाजता घेतली ते कागदावर लिहून तो पासपोर्टात ठेवा. पुढची गोळी त्याच घड्याळाच्या बारा तासांनी. मोबाइल उतरल्यावर स्वतःहून तिथली वेळ दाखवतो आणि वयस्कर माणसाची चूक नेमकी तिथेच होते. तीन आठवडे तिथे राहायचं असल्यामुळे गोळी तिथल्या वेळेवर कशी आणायची, हे मात्र आधीच डॉक्टरांकडून लिहून घ्या. औषध हातातल्या पिशवीत हवं, मोठ्या बॅगेत नको. विमान तीन तास उशिरा निघालं तर ती बॅग आईच्या हाती लागत नाही.

प्रश्न : मी दहावीत आहे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग पूर्वेकडे जाताना पोहोचायचं शहर पुढे पळत असणार आणि जास्त वेळ लागायला हवा. प्रत्यक्षात उलट का होतं?

उत्तर : फार चांगला प्रश्न आहे, आणि मोठी माणसंही यात अडकतात. विमान जमिनीवर उभं असतं तेव्हाच ते पृथ्वीबरोबर फिरत असतं. हवाही फिरत असते. विमानाने उड्डाण केलं म्हणून हे फिरणं सुटत नाही. चालत्या आगगाडीत डब्याच्या पुढच्या टोकाकडे चालत जा किंवा मागच्या, पावलं सारखीच लागतात. तसंच हे.

तरीही पृथ्वीच्या फिरण्याचा संबंध आहेच, पण आडवळणाने. विषुववृत्ताकडची गरम हवा वर चढून ध्रुवाकडे निघते. पृथ्वी फिरत असल्यामुळे ती सरळ न जाता पूर्वेकडे वळते. गरम आणि थंड हवेच्या सीमेवर हा वारा सर्वांत जोरकस होतो आणि तीच जेट स्ट्रीम. म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याने शहर पळत नाही, वारा वळतो.

हा वारा पहिल्यांदा पद्धतशीर मोजला तो जपानच्या वासाबुरो ओइशी या हवामानशास्त्रज्ञाने, १९२० च्या दशकात. तो तातेनो इथल्या वेधशाळेतून फुगे सोडायचा आणि ते किती वेगाने कुठे जातात ते दुर्बिणीतून टिपायचा. जगभरच्या लोकांना वाचता यावं म्हणून त्याने आपला अहवाल १९२६ मध्ये एस्परान्तो या बनवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत छापला. पण ती भाषा जाणणारे इतके थोडे होते की त्याच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. १९४४ च्या अखेरीस उंचावरून जपानवर आलेल्या अमेरिकन बी-२९ विमानांना हाच वारा आडवा आला तेव्हा वैमानिक चक्रावून गेले. इतक्या निगुतीने केलेलं काम जवळजवळ वीस वर्षं पडून राहिलं, याची मला अजून हळहळ वाटते.

प्रश्न : मी भूगोल शिकवते. वर्गात पडद्यावर न्यूयॉर्कहून माद्रिदला जाणाऱ्या विमानाचा मार्ग दाखवला. दोन्ही शहरं जवळजवळ एकाच अक्षांशावर असूनही तो उत्तरेकडे कमान करून जातो. मुलांनी विचारलं, ‘सरळ का जात नाही?’ मुलांना पटेल असं कसं सांगू?

उत्तर : बाई, सांगू नका, हातात दोरा द्या. शाळेतला पृथ्वीगोल टेबलावर ठेवा. दोऱ्याचं एक टोक न्यूयॉर्कवर आणि दुसरं माद्रिदवर अंगठ्याने दाबून धरायला सांगा. आधी दोरा ४० अंशांच्या छापील रेषेवरून नीट बसवा. मग माद्रिदच्या बाजूने हळूच ओढा. दोरा ताठ होतो तसा तो आपोआप ती रेष सोडतो, वर सरकतो आणि मध्यावर ४६ अंशांच्या जवळ जाऊन थांबतो. थोडासा दोरा बोटांत जास्तीचा आलेला असतो. तेवढी वाट वाचली. कमान दिसते तोच सरळ रस्ता, कारण ओढलेला दोरा लांबची वाट धरूच शकत नाही.

हिशेबाने अक्षांशाच्या रेषेवरून ही वाट सुमारे ५,९३० किलोमीटर होते आणि ताठ दोऱ्यावरून ५,७६० च्या आसपास. फरक पावणेदोनशे किलोमीटरांच्या आतला, म्हणजे ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर जेमतेम चार मिलिमीटर. मुलांना एवढा दिसणार नाही असं वाटलं तर फिनलंडमधलं हेलसिंकी आणि अलास्कातलं अँकरेज घ्या. दोन्ही साठ अंशांच्या थोडं वर आहेत, पण जवळजवळ गोलाच्या समोरासमोरच्या बाजूंना. अक्षांशाच्या रेषेवरून ही वाट साधारण साडेनऊ हजार किलोमीटर भरते. दोरा ओढलात की तो थेट उत्तर ध्रुवाजवळून जातो आणि वाट साडेसहा हजारांवर येते. सात सेंटिमीटर दोरा हातात सुटून येतो. हा दोरा सुटताना मुलांचे चेहरे बघा.

या वाटेला ग्रेट सर्कल म्हणतात, मराठीत बृहद्वृत्त. दोष भिंतीवरच्या नकाशाचाही नाही. नकाशाकार गेरार्डस मर्केटरने १५६९ मध्ये तो खलाशांसाठी केला. होकायंत्राची एकच दिशा धरून जाणाऱ्या जहाजाची वाट त्यावर सरळ रेषेत उमटते. त्या कामासाठी तो उत्तमच आहे. फक्त ध्रुवांकडे तो सगळं ताणून दाखवतो, म्हणून जवळची वाट तिथे वाकडी दिसते.

मुलांना चार्ल्स लिंडबर्गचीही गोष्ट सांगा. मे १९२७ मध्ये तो न्यूयॉर्कहून पॅरिसला एकटा, न थांबता उडत गेला. साडेतेहतीस तास लागले. निघण्याआधी त्याने ही कमान नकाशावर काढून तिचे शंभर-शंभर मैलांचे सरळ तुकडे केले होते. वेग ताशी शंभर मैलांच्या आसपास, म्हणजे साधारण दर तासाला होकायंत्रावरची दिशा थोडी बदलायची. वाकडी वाट सरळ तुकड्यांनी पुरी करायची ही युक्ती इतकी साधी आहे की मुलं ती वहीत स्वतः करून बघू शकतात.

प्रश्न : आमचा मुलगा हेलसिंकीत असतो. पूर्वी तो कामासाठी टोकियोला नऊ-साडेनऊ तासांत जायचा, आता तेरा तास लागतात म्हणतो. विमानं हळू झाली का?

उत्तर : नाही, वाट बंद झाली. या दोन शहरांमधली जवळची वाट रशियावरून जाते. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण झाल्यानंतर युरोपीय कंपन्यांना ते आकाश बंद झालं. तेव्हापासून ही विमानं एक तर ध्रुवावरून किंवा दक्षिणेचा मोठा वळसा घेऊन जातात. दोन्ही शहरांतलं अंतर आजही आठ हजार किलोमीटरांच्या आतच आहे. जुन्या लोकांना यात नवल वाटत नाही, कारण शीतयुद्धातही सोव्हिएत आकाश असंच मिटलेलं होतं. फेब्रुवारी १९५७ मध्ये कोपनहेगनहून टोकियोची ध्रुवीय सेवा सुरू झाली, ती अँकरेजला थांबून जायची. एका पिढीने जपानचा रस्ता अलास्कातूनच पाहिला.

प्रश्न : कुठल्याही दोन शहरांतला विमानाचा वेळ घरच्या घरी काढायची सोपी रीत आहे का?

उत्तर : आहे, आणि ती बरीच जवळ जाते. हवाई अंतर किलोमीटरमध्ये घ्या, ८५० ने भागा आणि पस्तीस-चाळीस मिनिटं मिळवा. भागाकार ९०० ऐवजी ८५० ने, कारण चढताना आणि उतरताना विमान त्याच्या पूर्ण वेगात नसतं. वरची मिनिटं जमिनीवरच्या वेळेची. सिंगापूर ते न्यूयॉर्क सुमारे १५,३५० किलोमीटर आहे. या रीतीने पावणेएकोणीस तासांच्या आत-बाहेर येतात, आणि वेळापत्रकातही अठरा तासांच्या बऱ्याच वर असतात. वाट पूर्व-पश्चिम आणि लांबची असेल तर पश्चिमेकडे जाताना अर्धा तास जास्त धरा, पूर्वेकडे येताना अर्धा तास कमी. हिवाळ्यात हा फरक आणखी वाढतो. वाट उत्तर-दक्षिण असेल तर दोन्ही बाजूंचा वेळ बराचसा सारखाच राहतो.

एक चूक टाळा. निघायच्या आणि पोहोचायच्या छापील वेळांची थेट वजाबाकी करू नका. दोन्ही वेळा त्या त्या शहराच्या असतात.

प्रश्न : मैत्रीण शनिवारी संध्याकाळी पाचला टोकियोहून निघाली आणि त्याच शनिवारी सकाळी दहाला लॉस एंजेलिसला पोहोचली, असं तिकिटावर आहे. छपाईची चूक ना?

उत्तर : चूक नाही. हिवाळ्यात लॉस एंजेलिस टोकियोच्या सतरा तास मागे असतं, उन्हाळ्यात सोळा. दहा तासांचं उड्डाण झालं तेव्हा टोकियोत रविवारी पहाटेचे तीन वाजले होते. त्यातून सतरा तास वजा केले की शनिवार सकाळचे दहा.

परतीची तारीख मात्र नीट बघा. ती शनिवारी सकाळी अकराला तिथून निघाली आणि बारा तास उडाली, तर टोकियोत रविवारी दुपारी चारला उतरेल. तिकिटावर पोहोचण्याच्या वेळेशेजारी बारीक अक्षरांत ‘+१’ छापलेलं असतं. माझ्या मावशीने ते पाहिलं नव्हतं. आपल्या मुलाला घ्यायला ती एक दिवस आधीच विमानतळावर गेली. त्या दिवशीच्या यादीत त्याचं नाव नाही एवढंच काउंटरवर तिला सांगण्यात आलं, का नाही ते कुणी सांगितलं नाही. सहा तास ती त्या बाकावर बसून होती. मी फोनवर तिला तिकीट वाचून दाखवायला लावलं तेव्हा कुठे उलगडा झाला. तुम्ही मैत्रिणीला घ्यायला जाणार असाल तर वेळ बघण्याआधी ते ‘+१’ शोधा.